राजावरच्या अक्षदा

खंडेनवमीला पान्याला हात लावायचा नाही, हा या घरातला नियम थोरल्या रायभानच्या वेळचा. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत तो गावोगाव हिंडायचा तेव्हापासूनचा. हत्याराला वर्षातून एक दिवस तरी झोप पाहिजे, असं तो म्हणायचा. स्वतः मात्र कधी धड झोपला नाही आणि पन्नाशी उलटायच्या आत लेथजवळ बसल्याबसल्या गेला. त्याचा धाकटा मुलगा मच्छिंद्र आज तो नियम मोडत होता.

कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं. शेजारच्या सळयांच्या भट्ट्याही सणामुळे बंद होत्या, त्यामुळे औद्योगिक वसाहतीत कधी नसते अशी शांतता पसरली होती. आदल्या दिवशी कामगारांनी लेथ, ड्रिल, प्रेस सगळं धुऊन पुसून ठेवलं होतं. मागच्या शेडमध्ये मात्र मलेशियाहून आलेली लाकडी पेटी फोडलेली पडली होती आणि तिच्यातून काढलेला राजा स्टँडवर उभा होता. शर्यत जुलैत झाली, पेटी बंदरातल्या कागदपत्रांत अडकली आणि आता दसऱ्याच्या तोंडावर घरी आली. राजाची डावी बाजू घासून पांढरी पडली होती. टाकीवर रंगवलेल्या ‘जालना’तला ‘जा’ उरला होता, बाकीचं मलेशियातल्या डांबरावर राहिलं.

सर्जा आणि राजा, बैलजोडीसारखी ही दोन नावं. सर्जा ही रायभानने एक्क्याऐंशी साली काढलेली गाडी, मराठवाड्यातल्या दूधवाल्यांची, दोन कॅन आणि वर एक पाहुणा वाहणारी. ती अजून विकली जात होती, पण दरवर्षी कमी. राजा मच्छिंद्रचा. दोन सिलिंडर, हजार सीसी. जपानी कंपन्यांच्या गाड्यांपुढे टिकायचं तर जगात नाव झालं पाहिजे, असं त्याने घरच्यांच्या गळी उतरवलं होतं, आणि जालन्यातली ही चिमुकली कंपनी खरोखर आंतरराष्ट्रीय सुपरबाइक शर्यतीत उतरली होती. चालवणारा घरचाच होता, थोरल्या भावाचा, भुजंगचा मुलगा. आजोबांचं नाव त्याला ठेवलेलं, रायभान. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आजी त्याला बापू म्हणायची, आणि मग सगळेच बापू म्हणू लागले.

पहिल्याच वळणावर राजा सरळ गेला. बापू आता नवीन जालना भागातल्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर असतो. कमरेखाली त्याला काही कळत नाही. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला होता की मूठ सोडली, पण गाडीनं सोडलं नाही.

त्या एका वाक्यासाठी मच्छिंद्रने कार्बोरेटर उघडला. आज दहा वाजता आईसमोर बैठक होती. भुजंग त्याला कारखान्यातून काढणार होता, राजा आणि राजाचे सगळे साचे शेजारच्या भट्टीत घालणार होता, आणि मच्छिंद्रला निदान कळायला हवं होतं की आपण कुठे चुकलो. मूठ पिळली की कार्बोरेटरमधली चपटी स्लाइड वर जाते, सोडली की खाली येते. पुढच्या सिलिंडरची स्लाइड वरच अडकून बसली होती. त्याने बॅटरीचा उजेड आत टाकला.

स्लाइड आणि तिच्या खाचेच्या मधे एक दाणा रुतला होता. गोल, टणक, कुंकवाने लाल झालेला.

“आज पान्याला हात लावला? अण्णा असते तं कानाखाली दिली असती,” मागून बहीण म्हणाली. नंदाबाई शहागडला दिली होती. नदीकाठच्या वावरातली झेंडूची पाटी घेऊन ती पहिल्या गाडीने आली होती.

“दार लावून घे,” मच्छिंद्र म्हणाला.

त्याचा चेहरा पाहून तिने पाटी खाली ठेवली, दार लावलं आणि वाकून पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. या घरात लग्नाला काय आणि गाडीला काय, अक्षदा ज्वारीच्याच. सर्जाची प्रत्येक नवी गाडी फाटकाबाहेर पडताना आई तिच्यावर मूठभर टाकायची. सर्जाच्या इंजिनावर हवेची डबी असते, जाळी असते, त्यामुळे दाणे कुठे गेले याची कोणी कधी फिकीर केली नाही. पावसाळ्यात एखादं गिऱ्हाईक यायचं आणि सीटखाली ज्वारी उगवली म्हणून हसत सांगायचं. राजाला डबी नव्हती. जास्त हवा मिळावी म्हणून शर्यतीच्या गाडीची तोंडं उघडी ठेवतात. टाकीच्या बाजूला पेल्याएवढी दोन तोंडं आ वासून होती.

“ही माझ्याच वावरातली ज्वारी हाय,” नंदाबाई हळूच म्हणाली. “मी अन् मायनं मिळून रंगवल्ती. पुडी बांधून मायनं दादाजवळ दिल्ती, गाडी मैदानात उतरली की टाक म्हणून.”

“हं.”

“मंग दादानंच...”

“हं.”

“अन् तू कुठं व्हतास?”

“टायरवाल्याकडं गेल्तो. येऊन पाह्यलं तं बापू गाडीवर बसलेला, अन् दादा बाजूला डोळे पुसून राह्यला व्हता. वीस वर्षांत दादानं माझ्या कामाला कधी बरं म्हणलं न्हाई. मला एवढं बरं वाटलं नंदे, म्या गाडीकडं पाह्यलंच न्हाई.”

नंदाबाई पेटीच्या फळीवर बसली. आज मत विचारलं तर ती भुजंगच्या बाजूने बोलणार होती. तसं तिने वहिनीला परवाच कबूल केलं होतं. बापूची खाट पाहून आल्यापासून तिला मच्छिंद्रचं तोंड पाहवत नव्हतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

“दादाला सांग,” ती म्हणाली. “तू न्हाई तं मी सांगते. बिनगुन्ह्याचा काहून घराबाहेर जातो?”

“सांगून बापूचे पाय येतील?”

“तुझं तं वाचेल.”

“अन् दादा? त्यानं स्वतःच्या हातानं पोराच्या गाडीत दाणा टाकला, हे घेऊन तो रोज त्या खाटेजवळ बसंल? तो बसणार न्हाई, नंदे. तो हिरीत उडी घेईल.”

त्याने चिमट्याने दाणा काढला, खिशात टाकला आणि कार्बोरेटर पुन्हा होता तसा जोडला. नंदाबाईने त्याला अडवलं नाही. तिला वाटलं, हा माणूस लहानपणापासून असाच. खेळणं दुसऱ्यानं मोडलं तरी शिव्या हाच खायचा.

वरच्या ऑफिसात आई, साखराबाई, मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना आताशा एका डोळ्याने धूसर दिसायचं, पण कारखाना त्यांच्या नावावर होता आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी गेलेलं नव्हतं. भुजंग उभाच होता. शोरूम आणि विक्री तो सांभाळायचा. गिऱ्हाइकाशी मधाळ बोलणारा हा माणूस घरात मात्र पहिल्यापासून तोडून बोलायचा, आणि जुलैपासून तर त्याच्याशी बोलायलाच माणसं कचरायची.

“माय, मी लांबण लावत न्हाई,” तो म्हणाला. “राजा भट्टीत जाईल. साचे जातील. मागची शेड बंद. अन् ह्यानं उद्यापासून कारखान्यात पाय ठेवायचा न्हाई. शहागडला आपलं वावर हाय, जाऊन ते पाहावं.”

“मी गेलो तं सर्जा कोण पाहील?” मच्छिंद्र म्हणाला.

“सर्जा अण्णानं केली. तिला तुझी गरज न्हाई.”

“तुला मी केलेलं कधी काही पाहिजेच नव्हतं, दादा. गाडी पडायच्या आधीपासून.”

“न्हाईच पाहिजे व्हतं.” भुजंगचा आवाज चढला. “म्या काय म्हणलं व्हतं? आपण दूधवाल्याच्या गाड्या करणारी माणसं. अंथरूण पाहून पाय पसर. तवा तू हसलास. आता पाय पसरायला माझ्या लेकराला पायच राह्यले न्हाईत.”

खाली कुठेतरी नळ ठिबकत होता.

भुजंगला खरं तर एवढं बोलायचं नव्हतं. पण गेले तीन महिने त्याला एकाच गोष्टीचा राग येत होता, आणि ती गोष्ट मच्छिंद्रबद्दलची नव्हती. आपण त्या दिवशी विरघळलो, याचा त्याला राग होता. आयुष्यभर नावं ठेवली आणि ऐनवेळी त्या मैदानात, रंगीबेरंगी परदेशी गाड्यांच्या रांगेत, आपल्या गावाचं नाव लिहिलेली काळी गाडी आणि तिच्यावर बसलेलं आपलं पोर पाहून त्याचे डोळे वाहू लागले होते. शेजारच्या गोऱ्या मेकॅनिकने काय चाललंय म्हणून पाहिलं तरी त्याने लाज धरली नाही. आईने दिलेली पुडी त्याने सोडली होती. त्या दिवसातलं तेवढं एकच त्याला आठवायला बरं वाटायचं.

तेच साखराबाईंनी विचारलं.

“भुजंगा, अक्षदा टाकल्या व्हत्या ना रे? का राह्यल्या?”

“टाकल्या, माय. सगळी मूठ टाकली. बापूच्या डोक्यावर, टाकीवर, इंजिनावर. एक दाणा मागं ठेवला न्हाई.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “तेवढं तं मी बराबर केलं.”

नंदाबाईच्या हातातला झेंडू चुरगळला. ती तोंड उघडणार तोच मच्छिंद्र मोठ्याने म्हणाला, “स्लाइड म्या घासली व्हती. नीट बसली न्हाई, अडकली. सकाळी उघडून पाह्यलं. चूक माझी हाय.”

भुजंगने मान हलवली. इतके दिवस ज्या कबुलीसाठी तो भांडत होता ती मिळाली, आणि तिने त्याचं काही भागलं नाही.

पुष्पाबाई भिंतीला टेकून बसली होती. बापूची आई. या बैठकीसाठी सगळ्यात जास्त भुणभुण तिनेच नवऱ्याच्या मागे लावली होती. दिराचं नाव काढलं तरी तिचा जीव जळायचा. घरी आत्ता बापूजवळ तिची जाऊ, मच्छिंद्रची बायको उषा, बसलेली होती. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागतं, आणि ते काम उषा न सांगता करते, हेही पुष्पाबाईला सहन होत नसे. कोणाचे उपकार म्हणून घ्यायचे आणि कोणाची भरपाई म्हणून, हे तिला ठरवता येत नव्हतं.

पण आता तिने दिराकडे नीट पाहिलं. बापूने तिला सांगितलं होतं, सरावाच्या दिवसांत गाडी लोण्यासारखी चालत होती. काकाच्या हाताला तोड नाही. मग स्लाइड नीट बसली नव्हती हे कसं? आणि नंदाबाई फुलं का चुरगळते आहे?

“भाऊजी, खोटं काहून बोलून राह्यले?” ती म्हणाली.

“वहिनी, गाडी माझी, चूक माझी.”

“बापू म्हणतो गाडी बराबर व्हती.”

“लेकरू हाय. मला वाचवून राह्यलं.”

पुष्पाबाईच्या मनात दुसरंच आलं. चूक बापूची असेल. ब्रेक उशिरा दाबला असेल, घाबरला असेल, मूठ सोडलीच नसेल. आणि हा दीर आपल्या पोराचं नाव राखायला सगळं अंगावर घेतो आहे. तसंच असणार. दुसऱ्या कोणासाठी माणूस एवढं करेल? तीन महिने तिने ज्याला शिव्या घातल्या त्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं. तिचा अंदाज साफ चुकला होता, पण त्या चुकलेल्या अंदाजाने ती त्याच्या बाजूची झाली.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “गाडी घाला भट्टीत. मला ती डोळ्यासमोर नको. पण भाऊजीला काढू नका.”

“पुष्पे, तूच तं म्हणत व्हतीस...” भुजंग तिच्याकडे पाहतच राहिला.

“म्हणत व्हते. आता न्हाई म्हणत.”

“काहून?”

तिने तोंड फिरवलं. भुजंगला वाटलं, सगळं घर आपल्याविरुद्ध फिरलं. बहीण खाली पाहते आहे, बायको उलटली, आणि गुन्हा कबूल करून भाऊच सगळ्यांत मोठा झाला. तो आईकडे वळला.

साखराबाईंनी पदराने डोळे पुसले. त्या पाण्यात रडण्याचं किती आणि दुखऱ्या डोळ्याचं किती, हे त्यांच्या लेकीलाही सांगता आलं नसतं.

“मच्छिंदर कबूल झाला, मंग बोलायचं काय राह्यलं?” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या नावाचं लेकरू खाटेवर हाय. त्याच्या बापानं रोज ह्याचं तोंड पाहून जेवावं, असं मी म्हणू शकत न्हाई. दसरा झाला की मच्छिंदर शहागडला जाईल. गाडी भट्टीत जाईल.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मच्छिंदर, तुला काही म्हणायचं?”

नंदाबाईने भावाकडे पाहिलं. अजून वेळ होती.

“न्हाई, माय,” तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं की हे म्हटल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. वीस वर्षं ज्या मागच्या शेडमध्ये घालवली ती चार दिवसांत रिकामी होणार, आणि आपण तिथून निघताना भाऊ आपल्याला पोराचा वैरी समजून पाठ फिरवणार. हे त्याला फार लागलं. खिशातला दाणा बोटांनी चाचपत तो जिना उतरला.

पूजा नेहमीच्या क्रमाने झाली. आधी थोरल्या रायभानचा जुना लेथ, मग बाकीची यंत्रं, मग फाटकाशी उभी केलेली नवी सर्जा. साखराबाई नंदाबाईच्या खांद्यावर हात ठेवून फिरत होत्या. प्रत्येक यंत्राला हळदीकुंकू, झेंडूची माळ आणि चिमूटभर लाल ज्वारी. कामगार सुट्टीवर होते, त्यामुळे नारळ फोडायलाही मच्छिंद्रच होता. मागच्या शेडच्या दारात आल्यावर भुजंग थांबला.

“तिची पूजा नको, माय.”

“परवा भट्टीत जायची असली तरी आज तिचा मान तिला,” साखराबाई म्हणाल्या. “कसायाकडं जाणाऱ्या बैलालाबी आपण उपाशी धाडत न्हाई.”

“आपण बैल कसायाला देतच न्हाई,” भुजंग पुटपुटला, पण आत आला.

मच्छिंद्र राजाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. त्याने माळ घातली. माळ घासलेल्या बाजूला घसरली, ती त्याने नीट केली. तुटक्या हँडलला साखराबाईंनी चाचपून कुंकू लावलं. मग त्यांनी ताट भुजंगसमोर धरलं.

“तिथंबी तूच टाकल्या. आता शेवटच्याबी तूच टाक. बापूचं जे राह्यलंय ते तरी राहू दे, असं म्हण अन् टाक.”

भुजंगने मूठ भरली. पुष्पाबाईने हात जोडले. त्याने डोळे मिटले, ओठ हलवले आणि हात पुढे करून मूठ सोडली.

मच्छिंद्रने काही ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच नव्हता. दाणे हवेत असतानाच त्याचे दोन्ही हात पुढे गेले आणि दोन तळवे राजाच्या त्या दोन उघड्या तोंडांवर घट्ट बसले. लाल ज्वारी त्याच्या हातांच्या पाठीवर तडतडली, टाकीवरून घरंगळली, खाली फरशीवर पसरली.

भुजंगने डोळे उघडले तेव्हा त्याला ते हात दिसले.

आधी तो नुसताच पाहत राहिला. मोडक्या गाडीवर, जी परवा वितळणार, तिच्यावर पडणारे दाणे हा कशाला अडवतो? त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मच्छिंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. हात काढून घ्यावेत हे त्याला आता सुचलं होतं, पण ते काढता येत नव्हते.

“काहून झाकलंस?” भुजंगने विचारलं.

“काही न्हाई. सवय...”

“सर्जाला कधी झाकत न्हाईस.”

नंदाबाईने तोंडाला पदर लावला. पुष्पाबाई एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती आणि तिने मघाशी मनात रचलेलं सगळं हळूहळू सुटत चाललं होतं.

भुजंग गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. त्याने भावाचं एक मनगट धरलं आणि उचललं. रागाने नाही, आजारी माणसाचा हात उचलावा तसं. खालचं काळं तोंड उघडं पडलं. एक दाणा मच्छिंद्रच्या बोटांच्या बेचक्यात अडकला होता, तो सुटून त्या तोंडात पडला. आत पडल्याचा बारीक आवाज झाला. तेवढा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“सगळी मूठ टाकल्ती म्या,” भुजंग म्हणाला. त्याला ते कोणाला सांगायचं होतं कळेना. “सगळी.”

“दादा,” मच्छिंद्र म्हणाला, “स्लाइडच घट्ट व्हती. तुझी आण.”

भुजंग खाली बसला. गुडघ्यांवर वाकून त्याने फरशीवरचा एक दाणा उचलला, डाव्या तळव्यावर ठेवला. मग दुसरा. चाकाखालचा, स्टँडच्या पायाजवळचा, फटीतला नखाने उकरून काढलेला. मच्छिंद्र त्याच्याशेजारी बसला आणि त्याचा हात धरू लागला, तो भुजंगने झटकला.

साखराबाईंना धूसर दिसत होतं. कोणीतरी खाली बसलंय एवढं त्यांना समजलं.

“भुजंगा, काय करून राह्यलास?” त्या म्हणाल्या. “राहू दे रे. टाकलेल्या अक्षदा उचलत न्हाईत.”

भुजंग उचलत राहिला.